झाडांचाही बचत गट असतो



आपल्या गटात एकीला हिशोब चांगला येतो, एक बँकेत बोलायला पुढे होते, एकीच्या अडचणीला बाकीच्या उभ्या राहतात. सगळ्या एकसारख्या असत्या, तर गट चालला असता का? झाडांचंही तसंच आहे. एकमेकांच्या कामाला येणारी वेगवेगळी झाडं शेजारी-शेजारी लावायची, याला पर्माकल्चर शेतीत ‘गिल्ड’ म्हणतात. आपण त्याला झाडांचा बचत गट म्हणू.

नाव नवीन असलं तरी काम जुनंच आहे. आपल्या भागात जिरायती रानात बाजरीत तूर, मटकी, हुलगा टाकायची रीत सासू-आजेसासूपासून चालत आली आहे. बाजरी तीन महिन्यांत निघते. तूर मागे राहते, तिचं मूळ खोल जाऊन खालची ओल घेतं. मटकी जमिनीवर पसरून ऊन अडवते. पावसाने दगा दिला तरी एखादं पीक हाताला लागतं. बाजरीच्या दोन ओळींमागे तुरीची एक ओळ, अशी कृषी विद्यापीठाचीही शिफारस आहे. तिकडे अमेरिकेतले मूळ रहिवासीही मका, घेवडा आणि भोपळा एकत्रच लावत आले.

गटात कोण काय काम करतं?

खत देणारी: चवळी, मटकी, तूर, घेवडा. यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात. एक रोप उपटून गाठ चिरून बघा. आत गुलाबी दिसली, तर काम चालू आहे. काढणीनंतर मात्र वेल उपटू नका, जमिनीलगत कापा. मुळं आत कुजली की नत्र मातीला मिळतो.

राखण करणारी: झेंडू. वांगी-टोमॅटोच्या मुळांना त्रास देणाऱ्या सूत्रकृमी तो कमी करतो. टोमॅटोची फळ पोखरणारी अळीही आधी झेंडूच्या फुलांकडे जाते. वांग्याचं मूळच जागोजागी सुजलेलं दिसलं, तर त्या सूत्रकृमीच्या गाठी. चवळीची गाठ नखाने सहज सुटते, ही सुटत नाही. दोन्हींत गल्लत करू नका.

सावली देणारी: शेवगा. त्याची सावली विरळ असते, म्हणून खाली हळद-आलं येतं. रोप तीन फुटांचं झालं की शेंडा खुडा, फांद्या फुटतात. पाला भाजीला होतो.

सांडपाणी पिणारी: केळी, अळू. मोरीचं पाणी तिकडे वळवा. डासही कमी होतील.

माझी एक चूक

मागच्या पावसाळ्यात एका गावात मी मिरचीच्या वाफ्यातच लाल भोपळा लावायला सांगितला. जमीन झाकली जाईल, असं पुस्तकात वाचलं होतं. महिन्याभरात भोपळ्याने मिरची पार दाबून टाकली. त्या ताईंची रोपं गेली, वर कष्टही गेले. शेजारच्या आजी म्हणाल्या, “पोरी, भोपळ्याला कुंपणाची वाट दाव, घरात घेऊ नको.” तेव्हापासून मी आधी विचारते, मग सांगते. गटात घेताना माणसाचा स्वभाव बघतो, तसाच झाडाचाही बघायचा. कोण किती पसरतं? कुणाला किती ऊन लागतं? कुणाचं पाणी जास्त? मिरचीला ऊन हवं, ती शेवग्याच्या दाट बुंध्याशी लावू नका.

हे कशासाठी करायचं?

शिक्रापूर परिसरात कंपन्या आल्या, प्लॉटिंग झालं, रान कमी झालं. दारात जागा असूनही कोथिंबिरीची जुडी आपण बाजारातून आणतो. घरचे पैसे त्यात जातात, आणि त्या भाजीवर काय फवारलं हेही कळत नाही. मराठवाड्यात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेसोबत महिलांनी एक एकरात अनेक अन्नपिकं एकत्र घेतली. त्या संस्थेच्या कामाला 2016 साली इक्वेटर पुरस्कार मिळाला. आपल्याकडे एकर नसेल, पण मोरीमागची दहा बाय दहाची जागा तर आहे!

पहिल्याच वर्षी सगळं लावू नका. मध्ये शेवगा, खाली हळद, उन्हाच्या बाजूला मिरची-वांगी, त्यांच्यात झेंडू आणि चवळी, कुंपणावर भोपळा, एवढंच पुरे. पुढच्या मासिक बैठकीला येताना घरातल्या मोठ्यांना विचारून या: “पूर्वी कशात काय लावायचे?” प्रत्येकीने एक तरी जोडी इतिवृत्तात लिहायची. आपल्या गावाची यादी आपणच तयार करू.