व्हायरसच्या खुणा: बोलक्या आणि मुक्या

संगणकातला व्हायरस हा माणसानेच लिहिलेला छोटा प्रोग्रॅम असतो. दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये किंवा डिस्कवर स्वतःची प्रत उतरवणे हे त्याचे मुख्य काम. ज्या फाइलला तो चिकटतो, ती कोणी उघडेपर्यंत तो निपचित पडून असतो. वर्म नावाच्या त्याच्या भावंडाला मात्र कोणाची वाट पाहावी लागत नाही. तो नेटवर्कवरून आपला आपण पसरतो. ट्रोजन उपयोगी सॉफ्टवेअरचे सोंग घेऊन येतो. बोलताना सगळ्यांनाच व्हायरस म्हटले जाते आणि त्याने फारसे बिघडत नाही.

आयबीएम पीसीवर पसरलेला पहिला व्हायरस, ‘ब्रेन’, १९८६ साली लाहोरमध्ये दोन भावांनी लिहिला. तो फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना सर्वांत आधी वाचल्या जाणाऱ्या भागात शिरायचा आणि फ्लॉपीचे नाव बदलून टाकायचा. गंमत म्हणजे आत त्या भावांचा पत्ता आणि फोन नंबरही होता. मे २००० मधल्या ‘आय लव्ह यू’ने ईमेलमधून प्रेमपत्राचे रूप घेतले. जोडलेल्या फाइलचे नाव .टीएक्सटी.व्हीबीएस असे संपत होते. पण विंडोज शेवटचा तुकडा दाखवत नसल्यामुळे लोकांना ती साधी मजकुराची फाइल वाटली. हा तुकडा दिसेल अशी सेटिंग आजही करून ठेवावी. फोटो म्हणून आलेल्या फाइलचे नाव .ईएक्सईने संपले, तर ती उघडू नये.

झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह लावून आणल्यावर सगळे फोल्डर शॉर्टकट झालेले दिसणे, ही ओळखीची खूण. मूळ फोल्डर बहुधा लपवलेले असतात, गेलेले नसतात. शॉर्टकटवर क्लिक केले, की आधी व्हायरस चालतो आणि मग फोल्डर उघडतो, त्यामुळे संशयही येत नाही.

संगणक मंदावला की व्हायरस, हा समज मात्र फसवा आहे. बहुतेक वेळा डिस्क भरलेली असते किंवा रॅम कमी पडत असते. पैशासाठी लिहिलेल्या व्हायरसला तर लपूनच राहायचे असते, म्हणून त्याच्या खुणा बारीक असतात. अँटीव्हायरस आपोआप बंद होतो आणि पुन्हा चालू होत नाही. ब्राउझरचे पहिले पान न विचारता बदलते. काही काम नसताना पंखा जोरात फिरत राहतो. न पाठवलेले ईमेल ओळखीच्यांना पोचतात. यातली एखादीच खूण दिसली तर दुसरे कारणही असू शकते. दोन-तीन एकदम दिसल्या तर तपासणी टाळू नये. उलट ‘तुमच्या संगणकात व्हायरस सापडला, या नंबरवर फोन करा’ असा पडदाभर आरडाओरडा करणारी खिडकी आली, तर ती खिडकीच फसवणूक असते.

रॅन्समवेअरही आधी गुपचूप काम करतो. फाइली कुलूपबंद झाल्यावर खंडणीची चिठ्ठी झळकते. तोवर उशीर झालेला असतो. मे २०१७ मध्ये पसरलेला ‘वॉनाक्राय’ ज्या विंडोजमधल्या फटीतून शिरला, ती बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. पुढच्याच महिन्यात ‘नॉटपेट्या’ने जगभरच्या कंपन्यांना ग्रासले आणि न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले.

संशय आला की आधी इंटरनेट तोडावे. त्या संगणकावरून बँकेचे व्यवहार करू नयेत. पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून बदलावेत. मग अद्ययावत अँटीव्हायरसने पूर्ण तपासणी करावी. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची साधने त्यासाठी मोफत मिळतात. बॅकअपची डिस्क काम झाल्यावर काढून ठेवावी, कारण जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर तिच्यातल्या फाइलींनाही कुलूप लावतो.