शंभर पेशींमधली एक

मेंदूची गणितं मांडणाऱ्यांच्या गप्पांत केंब्रिजच्या बंद संगणकाचा किस्सा हटकून निघतो. १९५१च्या सुमारास हॉजकिन आणि हक्सली या शास्त्रज्ञांनी चेतापेशीतल्या विजेची समीकरणं जुळवली होती. ती सोडवायला विद्यापीठाचा संगणक हवा, आणि तो नेमका दुरुस्ती-सुधारणेसाठी कित्येक महिने बंद. मग हक्सलींनी हाताने दांडा फिरवायचं ब्रुन्सविगा गणनयंत्र पुढ्यात ओढलं आणि आकडेमोड तडीस नेली. पुढे दोघांना नोबेल मिळालं. अपस्माराची बरीच तपशीलवार प्रारूपं आजही त्याच समीकरणांवर उभी आहेत.

मला मात्र रॉजर ट्रॉब यांचा किस्सा अधिक आवडतो. शिक्षणाने डॉक्टर, नोकरी न्यूयॉर्कजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत. जोडीला टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टनचे प्रयोगकर्ते रॉबर्ट वाँग. त्यांच्यापुढचं कोडं असं: मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाच्या पातळ कापावर पेनिसिलीन सोडलं की पेशींना आवर घालणारे संदेश अडतात. मग जरासा धक्का दिला, की अपस्माराच्या झटक्यासारख्या सगळ्या पेशी एकदम पेटतात, पण लगेच नाही. मध्ये काही दशांश-शतांश सेकंद शांतता. एका पेशीचा निरोप दुसरीला मिळायला एवढा वेळ लागतच नाही. मग ती मधली शांतता कसली?

ट्रॉब यांनी संगणकात शंभर पेशी उभ्या केल्या. प्रत्येकीचे धागे मोजक्याच इतरांशी जोडलेले. चाळीतल्या बातमीसारखं झालं: पहिलीने दोघी-तिघींना चेतवलं, त्यांनी आणखी काहींना, आणि बघता बघता सगळी चाळ जागी. तो उशीर म्हणजे हा टप्प्याटप्प्याचा प्रवास. १९८२ साली ‘सायन्स’मध्ये हे छापून आलं.

त्यातून निघणारा अर्थ मात्र पचायला जड होता. असं असेल, तर एकट्या पेशीलाही सगळा समूह पेटवता यायला हवा! कापात हजारो पेशी, त्यातली एक काय करणार? रिचर्ड माइल्स आणि वाँग यांनी गिनीपिगच्या मेंदूच्या कापात एकेका पेशीत सूक्ष्म इलेक्ट्रोड घालून हे करून पाहिलं. सगळ्या पेशींना ते जमलं नाही. काहींना जमलं, आणि तेही तसाच वेळ घेऊन. १९८३ साली ‘नेचर’मध्ये निबंध आला. माझ्या मते या क्षेत्राचा खरा मान तिथून सुरू होतो. संगणकाने आधी सांगितलं आणि पेशीने नंतर दुजोरा दिला.

असंच काहीसं फ्रान्समधल्या मार्सेयच्या व्हिक्टर यिर्सा यांच्या गटाचं. त्यांच्या ‘एपिलेप्टर’ प्रारूपात एकेका पेशीचा हिशोबच नाही, फक्त पाच चल. त्या गणितानुसार आकडी सुरू होताना मेंदूतल्या विजेची मूळ पातळीच सरकायला हवी. मेंदूतल्या विजेच्या नेहमीच्या नोंदीत, म्हणजे ईईजीत, हे सरकणं क्वचितच दिसतं, कारण यंत्रं इतके संथ बदल गाळून टाकतात. न गाळलेल्या नोंदी तपासल्या तेव्हा ते सरकणं दिसलं.

आता याच गटाचं काम शस्त्रक्रियेपर्यंत पोचलं आहे. औषधांना न जुमानणाऱ्या अपस्मारात नेमका कुठला भाग काढायचा, हे ठरवण्यासाठी प्रत्येक रुग्णाच्या एमआरआयवरून त्याचा स्वतःचा संगणकी मेंदू बांधला जातो. फ्रान्समध्ये ‘एपिनोव्ह’ नावाची चाचणी २०१९ साली सुरू झाली. तिच्यात निम्म्या रुग्णांच्या शल्यचिकित्सकांना या संगणकी मेंदूवरून काढलेला नकाशा द्यायचा आणि निम्म्यांच्या शल्यचिकित्सकांना द्यायचा नाही, अशी योजना होती.