‘नैसर्गिक’ साबण घेताना काय पाहावे?

बचत गटाच्या प्रदर्शनात आणि मेडिकलच्या दुकानात सध्या कडुलिंब, कोरफड, हळद, शेळीचे दूध असे लिहिलेले साबण भरपूर दिसतात. साध्या वडीच्या तिप्पट-चौपट किंमत द्यायची, तर त्यात काय मिळते हे आपण समजून घेऊ.

साबण कोणताही असो, तो तेल किंवा चरबी आणि कॉस्टिक सोडा यांच्यापासूनच होतो. झाडाला साबण लागत नाही. या प्रक्रियेत साबणासोबत ग्लिसरीनही तयार होते आणि ते कातडीत ओलावा धरून ठेवते. मोठ्या कारखान्यांत ते बहुतेकदा वेगळे काढून विकतात. हाताने केलेल्या वडीत ते तसेच राहते, शिवाय थोडे तेल जास्तीचे ठेवलेले असते. त्यामुळे अशी वडी अनेकांना सौम्य वाटते, आणि त्यात तथ्य आहे. मात्र तयार साबण आणून, वितळवून, रंग-वास घालून साच्यात ओतलेली वडीही ‘हातची’ म्हणून विकली जाते. विकणाऱ्या ताईंना विचारावे, तेल कोणते वापरले आणि वडी किती दिवस मुरवली? न शिजवता केलेली वडी साधारण चार ते सहा आठवडे मुरावी लागते.

दुकानातल्या वडीच्या वेष्टनावर ‘टीएफएम’ शोधा. वडीत खरा साबण किती, याचे ते माप. भारतीय मानकांनुसार ग्रेड १ ला किमान ७६ टक्के, ग्रेड २ ला ७० आणि ग्रेड ३ ला ६० टक्के लागतो. ‘बाथिंग बार’ला ४० टक्केही चालतो. पानाफुलांच्या चित्रापेक्षा हा आकडा जास्त सांगतो.

कातडी किंचित आम्ल असते आणि साबण अल्कधर्मी, मग तो कडुलिंबाचा असो की गुलाबाचा. रोज अंगभर घासला की कातडीचे तेल निघून जाते. काख, जांघ, पाय, हात इथे साबण लावावा. बाकी अंगाला पाणी बहुधा पुरते. अंग ओलसर असतानाच थोडे खोबरेल तेल लावले, तर महागड्या वडीची गरज क्वचितच पडते. आपल्या ज्या भगिनी धुणी-भांडी किंवा सफाईचे काम करतात, त्यांच्या हातांना भेगा पडतात त्या मुख्यतः पावडर आणि फिनेलमुळे. तिथे रबरी हातमोजे उपयोगी. धुण्याच्या साबणाने अंघोळ तर नकोच.

आणि नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी असेही नाही. लिंबाचा रस लावून उन्हात गेले तर कातडी भाजते, काळे डाग राहतात.

गोरे करणारा साबण नावाची गोष्ट नसते. रंग कातडीच्या आतल्या मेलॅनिनमुळे येतो आणि साबण मिनिटभरात धुऊन जातो. आपल्या लेकरांच्या रंगात दुरुस्त करण्यासारखे काही नाही, त्यासाठी पैसे घालवू नयेत.

साबण औषध नाही, हे खाजेच्या बाबतीत फार महत्त्वाचे. रात्री खाज वाढते आणि घरात दोघा-तिघांना आहे, तर ती खरूज असू शकते. गोल, कडा उठलेला चट्टा बहुधा नायटा. मेडिकलमधून आणलेल्या स्टेरॉइडच्या मलमाने खाज थांबते, पण नायटा आत पसरतच राहतो. सरकारी दवाखान्यात दाखवा. खरूज निघाली तर घरातल्या सर्वांनी एकाच वेळी औषध लावायचे आणि कपडे, चादरी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवायच्या.