विज्ञानाला घर देणारा वास्तुशिल्पी

कोकणातील आचरे गावी १९१६ साली जन्मलेले अच्युत पुरुषोत्तम कानविंदे मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतून वास्तुकलेचे शिक्षण पूर्ण करून १९४३ साली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेत दाखल झाले. देशाला प्रयोगशाळा हव्या होत्या. त्या बांधण्याची जाण असलेले वास्तुशिल्पी मात्र विरळाच. म्हणून सरकारने त्यांना अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात धाडले. तेथे वॉल्टर ग्रोपियस यांच्या हाताखाली त्यांनी नव्या वास्तुकलेचे मूलतत्त्व आत्मसात केले: इमारतीचे रूप तिच्या कार्यातून सिद्ध व्हावे, वरून चढविलेल्या नक्षीतून नव्हे.

१९४७ मध्ये ते परतले. अहमदाबादच्या वस्त्रोद्योग संशोधन संस्थेची त्यांनी उभारलेली वास्तू सपाट छपरांची, सरळ रेषांची आहे. गुरूची शिकवण तीत स्पष्ट दिसते. परंतु थंड प्रदेशात वाढलेली ही शैली भारतीय उन्हात जशीच्या तशी रुजणे कठीण होते. कानविंदे यांचे खरे कर्तृत्व ही अडचण ओळखण्यात आहे.

१९५५ मध्ये शौकत राय यांच्यासमवेत त्यांनी दिल्लीत स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे संकुल हे या काळातील त्यांचे सर्वात मोठे काम. संस्थेचे पहिले संचालक पुरुषोत्तम काशिनाथ केळकर हेही मराठीच, हा एक सुखद योगायोग. येथे वर्ग, ग्रंथालय व प्रयोगशाळा उंचावरील आच्छादित मार्गांनी जोडल्या आहेत. विद्यार्थी सावलीतून चालतो. वाहनांची वाट निराळी. काँक्रीटचा सांगाडा उघडा ठेवून मधल्या भिंती विटांनी भरल्या आहेत. गिलाव्याचा डामडौल नाही.

मेहसाणा येथील दूधसागर डेअरीत तर उष्ण हवेचा प्रश्नच वास्तूचा आकार ठरवितो. आतील ऊष्मा बाहेर जावा म्हणून वायुवीजनाचे उंच मनोरे छपराच्या वर नेलेले आहेत. दुरून पाहणाऱ्यास तो किल्लाच भासावा. पण यातील एकही बुरूज शोभेसाठी नाही!

१९७४ मध्ये त्यांना 'पद्मश्री' लाभली. २००२ साली त्यांचे निधन झाले. मुंबईकरांना त्यांचे काम पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही. वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र, जेथे शाळांच्या सहली येतात, ती वास्तू कानविंदे यांचीच.