प्रोजेक्टर मेला नाही, तापलाय

मलकापूरहून नांदुऱ्याकडे निघालं की राष्ट्रीय महामार्ग 53 वर वडनेर भोलजी लागतं. आजूबाजूला कपाशीची वावरं, एप्रिल-मे महिन्यात अंग भाजणारं ऊन आणि कधी जाईल, कधी येईल याचा नेम नसलेली लाइन. डिजिटल प्रोजेक्टरला मानवतील अशा या गोष्टी नाहीत. थंड, बंद, धूळ नसलेली खोली गृहीत धरून हे यंत्र बनतं. म्हणून अशा गावात प्रोजेक्टर बिघडल्यासारखा वाटण्याचे प्रसंग वारंवार येतात. खरोखर बिघडण्याचे मात्र त्याहून पुष्कळ कमी.

जून 2015 मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला. ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड या शिक्षकांनी उभी केलेली डिजिटल वर्गखोली त्या काळात राज्यभर गाजली. पाठोपाठ गावोगाव लोकवर्गणी निघाली. शेतकऱ्याने, दुकानदाराने, माजी विद्यार्थ्याने दिलेल्या पैशातून भिंतीवर चित्रं उमटू लागली. त्या पैशातून आलेलं यंत्र ‘बल्ब गेला’ एवढ्या निदानावर कपाटात जाऊन बसतं तेव्हा जीव हळहळतो, कारण ते निदान बहुतेक वेळा चुकलेलं असतं.

या बल्बपासूनच सुरुवात करू. वर्ग रंगात आलेला असतो, लाइन जाते, दोन मिनिटांत परत येते. बटण दाबलं तर प्रोजेक्टरचा पंखा घरघरतो, पण उजेड पडत नाही. पुन्हा दाबतात, पुन्हा तेच. “सर, बल्ब उडाला वाटते,” असं मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणतं आणि तोच निकाल ठरतो. प्रत्यक्षात बल्ब शाबूत असतो. जुन्या पद्धतीच्या प्रोजेक्टरमधला लॅम्प म्हणजे पाऱ्याची वाफ भरलेली क्वार्ट्झची इवलीशी कुपी. पेटलेली असताना तिच्यातला दाब वातावरणाच्या सुमारे 200 पट असतो. मोटारीच्या चाकातली हवा त्यापुढे काहीच नाही. तापलेल्या कुपीतला दाब उतरल्याशिवाय आत पुन्हा ठिणगी पडूच शकत नाही. म्हणून दहा-पंधरा मिनिटं हात न लावता थांबायचं आणि मगच बटण दाबायचं. एवढ्यावर ‘गेलेला’ बल्ब परत येतो.

लाइन गेल्यावर खरं नुकसान वेगळंच होतं. पंखाही त्याच क्षणी थांबतो आणि कुपीची धग आतल्या आत कोंडते. म्हणून प्रोजेक्टरला यूपीएस लावायचा तो सिनेमा पुढे चालू राहावा म्हणून नव्हे, तर रीतसर बंद करून पंखा पूर्ण फिरू देता यावा म्हणून. त्यासाठी पाच मिनिटं पुरतात. लॅम्पचा प्रोजेक्टर साधारण 250 ते 350 वॅट खातो, तेव्हा संगणकाचा अगदी लहान यूपीएस त्याला कमी पडतो, 1 केव्हीएचा घ्यावा. तास संपला की भिंतीवरचं मुख्य बटण थेट बंद करण्याची सवयही याच कारणाने महाग पडते. काही नवे प्रोजेक्टर तसे बंद करण्यासाठी बनवलेले असतात, पण ते पुस्तिकेत वाचून खात्री करावी.

आणि बल्ब खरंच संपतो तेव्हा? तो बहुधा एकदम जात नाही, मंदावत जातो. खोक्यावर लिहिलेले 3000 किंवा 5000 तास म्हणजे उजेड साधारण निम्म्यावर येईपर्यंतचा काळ. मेनूमध्ये लॅम्प किती तास चालला याचा आकडा दिसतो. तो पाहिल्याशिवाय नवा लॅम्प मागवू नये. नवा बसवताना काचेला बोट लावायचं नाही, कारण बोटाचं तेल तापून तिथे काच कमकुवत होते. लॅम्प मोठा आवाज होऊन फुटला तर पोरांना बाहेर काढून खिडक्या-दारं उघडायची, आत पारा असतो. तो झाडूने उडवायचा नाही आणि जुना लॅम्प उकिरड्यावर टाकायचा नाही. ई-कचरा गोळा करणाऱ्या केंद्रापर्यंत तो पोचवावा.

दुसरा घोटाळा उष्णतेचा. “चालता चालता आपोआप बंद पडतो, म्हणजे आतलं सर्किट गेलं,” असं मानलं जातं. बहुतेक प्रोजेक्टरच्या पुस्तिकेत खोलीचं कमाल तापमान 35 ते 40 अंश लिहिलेलं असतं. मलकापूर-नांदुऱ्याच्या या पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यात पारा 42-44 च्या घरात जातो, पत्र्याखाली त्याहून वर. शिवाय गरम हवा वर चढते आणि आपण प्रोजेक्टर टांगतो तो नेमका छताला, पत्र्याच्या हातभर खाली. यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतं आणि तापमानाचा दिवा लुकलुकायला लागतो. तो दिवा म्हणजे बिघाड नव्हे, सूचना आहे. उपाय घरगुती आहेत. उन्हाळ्यात पडद्यावरचा तास सकाळच्या पहिल्या सत्रात घ्यावा, टांगणी पत्र्यापासून बरीच खाली आणावी, मेनूतला इको मोड लावावा आणि हवा आत घेणारी व बाहेर टाकणारी अशा दोन्ही जाळ्यांसमोर वीतभर तरी मोकळी जागा ठेवावी.

उष्णतेचा सख्खा सोबती म्हणजे कचरा, आणि इथला कचरा खास आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत हवेत तंतू असतात, त्यात फळ्यावरच्या खडूची भुकटी मिसळते. प्रोजेक्टरच्या बाजूची झडप उघडून फिल्टर बाहेर ओढला की त्यावर राखाडी नमद्यासारखा थर हाताला लागतो, नखाने पकडून सोलून निघेल इतका जाड. त्या थरातून हवा आत जाणार कशी? पुस्तिका वर्षातून काही वेळा फिल्टर साफ करा म्हणते. कापसाच्या गावात ऑक्टोबर ते फेब्रुवारी दर पंधरा दिवसांनी तो पाहावा, असं माझं ठाम मत आहे. मऊ ब्रशने झटकावा. धुता येतो असं पुस्तिकेत लिहिलं असेल तरच धुवावा आणि खडखडीत वाळल्यावरच बसवावा. काही प्रोजेक्टरना फिल्टर नसतोच, त्यांच्या जाळ्याच साफ ठेवाव्या लागतात.

आता चित्रावर डाग दिसले की सगळे लेन्सवर तुटून पडतात. रुमाल, शर्टाची बाही, कधी कधी चक्क फळा पुसायचं डस्टर! लेन्सच्या बाहेरच्या काचेवरची धूळ पडद्यावर ठिपका होऊन जवळजवळ कधीच उमटत नाही, कारण ती फोकसमध्येच नसते. ठिपके येतात ते आतून. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीत लॅरी हॉर्नबेक यांनी 1987 मध्ये तयार केलेल्या चिपवर आजचे डीएलपी प्रोजेक्टर चालतात. त्या चिपवर लाखो सूक्ष्म आरसे असतात, 1024 गुणिले 768 च्या चित्रासाठी 7,86,432. त्यातले काही आरसे अडकले की पडद्यावर पांढरे ठिपके दिसतात आणि हळूहळू वाढतात. एलसीडी प्रकारात पिवळा किंवा निळसर डाग पसरतो तो बहुधा उष्णतेने करपलेल्या, पोलरायझर नावाच्या आतल्या पापुद्र्याचा. दोन्ही दुखण्यांवर लेन्स पुसणं हा इलाज नाही, उलट खरखरीत कापडाने तिच्यावरचा लेप जातो. हे काम दुरुस्ती करणाऱ्याचं. पण पोलरायझर करपण्याला पुष्कळदा तोच न झटकलेला फिल्टर कारण असतो.

विजेबद्दलचा समज तर उलटाच आहे. “व्होल्टेज कमी होतं म्हणून जळाला” असं सर्रास ऐकू येतं. प्रोजेक्टरच्या पाठीवरची पट्टी वाचा. बहुतेकांवर 100 ते 240 व्होल्ट लिहिलेलं असतं, म्हणजे 170 व्होल्टवर तो निमूट चालतो. त्याला मारतो तो अचानक वाढलेला दाब: गेलेली लाइन परत येतानाचा झटका, जवळपास कोसळलेली वीज आणि गावाच्या तारांमध्ये न्यूट्रल तुटणं. न्यूट्रल तुटला की 230 च्या जागी 400 च्या आसपास व्होल्ट एखाद्या घरात किंवा शाळेत शिरू शकतात. त्यामुळे लाइन गेली की पिन काढावी आणि लाइन परत येऊन पाच मिनिटं स्थिर राहिली की लावावी.

अर्थिंगकडे तर फारसं कोणी बघतच नाही. तीन पिनांतली जाड पिन वायरमनने दाखवण्यापुरती ठेवलेली नसते. अर्थिंग नसलेल्या खोलीत लॅपटॉपच्या धातूला हात लावला की मुंग्या येतात, आणि चालू यंत्रांना एचडीएमआय केबल जोडताना तोच प्रवाह पोर्टमधून जाऊन पोर्ट जाळू शकतो. मग ‘प्रोजेक्टर लॅपटॉप ओळखत नाही’. अशा खोलीत केबल आधी जोडावी, वीज नंतर द्यावी. खड्डा घेऊन अर्थिंग करवून घेणं हा कायमचा उपाय, आणि तो पोरांच्या जिवासाठीही हवाच.

‘नो सिग्नल’ या अक्षरांना घाबरण्याचं कारण नाही. रिमोटवर सोर्स बदलून पाहा, लॅपटॉपवर विंडोजचं बटण आणि पी एकदम दाबा, केबल बदलून पाहा. जुन्या व्हीजीए केबलने चित्र गुलाबी किंवा पिवळं आलं तर एखादी पिन वाकलेली असते. मोबाईल केबलने जोडूनही काही दिसत नसेल तर दोष बहुधा प्रोजेक्टरचा नसतो, कारण प्रत्येक मोबाईलच्या सी-पोर्टमधून चित्र बाहेर येतच नाही.

खरेदीच्या वेळी मात्र जपून. भर दुपारी चित्र फिकं दिसतं म्हणून जास्त ल्युमेनचा प्रोजेक्टर मागवला जातो. पण काळा रंग कोणताही प्रोजेक्टर टाकू शकत नाही. तो फक्त तेवढ्या जागी उजेड टाकत नाही. म्हणजे भिंतीवर आधीच जितका उजेड आहे, तितकाच तुमचा काळा रंग उजळ. जाड पडद्यांवर खर्च केलेले पैसे जास्त कामी येतात. ऑनलाइन चार-पाच हजारांत मिळणाऱ्या एलईडी प्रोजेक्टरवर 9000 ल्युमेन छापलेलं असलं तरी भुलू नका. पडद्याच्या नऊ ठिकाणी उजेड मोजून सरासरी काढलेला आकडा ‘एएनएसआय ल्युमेन’ या नावाने लिहितात. तो कुठे दिला आहे ते शोधा. दिलाच नसेल तर पुढे जा.

राहिली सुरक्षितता, आणि इथे सगळ्यात धोक्याचा गैरसमज म्हणजे कपाट. प्रोजेक्टर कपाटात कुलूपबंद म्हणजे सुरक्षित, असं आपण धरून चालतो. पावसाळाभर बंद कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या प्रोजेक्टरच्या काचांवर बुरशी धरते, उंदीर केबल कुरतडतात. पंधरा दिवसांतून एकदा तरी तो अर्धा तास चालवावा.

छताला टांगलेला असेल तर लोखंडी पिंजरा चांगला, पण वेल्डिंगवाल्याकडून चारही बाजूंनी पत्रा मारून घेतलेला डबा नको. तो चोरापासून वाचवतो आणि उष्णतेने मारतो. जाळीचाच पिंजरा हवा, फिल्टर काढता येईल अशा झडपेसह. बोल्टना वेल्डचा टाका मारावा, म्हणजे पान्याने सुटणार नाहीत. केबलचं कुलूप चोराला फक्त उशीर करतं. पिन कोड चोरी थांबवत नाही, चोरलेलं यंत्र निरुपयोगी करतो. म्हणून ‘पिन कोडने बंद’ हे यंत्रावर ठळक लिहावं आणि तो कोड मुख्याध्यापकांच्या कपाटातल्या नोंदीतही ठेवावा. महामार्गावरच्या गावात चोरीचा माल गाडीत टाकून निघून जायला वेळ लागत नाही. सुट्टीत खिडकीतून प्रोजेक्टर दिसणार नाही, इतकं तरी पाहावं.

दुसरा चोर इंटरनेटवरून येतो. आपल्या प्रोजेक्टरमध्ये चोरण्यासारखं काय आहे, असं वाटतं. पण स्वस्त अँड्रॉइड प्रोजेक्टर हा खरं तर संगणक आहे. जून 2025 मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ‘बॅडबॉक्स 2.0’ या जाळ्याबद्दल जाहीर इशारा दिला. घरच्या इंटरनेटवरून गुन्हेगारांना वाट करून देणाऱ्या उपकरणांत त्यांनी टीव्ही बॉक्ससोबत डिजिटल प्रोजेक्टरचंही नाव घेतलं होतं. काही उपकरणांत अशी वाट करून देणारं सॉफ्टवेअर विकत घेण्याआधीच भरलेलं होतं. गुगलचं प्ले प्रोटेक्ट प्रमाणपत्र नसलेला, फुकट चॅनेल दाखवण्याचं आमिष देणारा प्रोजेक्टर शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या वायफायला जोडू नये. चांगल्या कंपनीचा असला तरी कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा आणि मोबाईलवरून चित्र पाठवताना दर वेळी कोड मागेल अशी सेटिंग ठेवावी. नाहीतर ग्रामसभेच्या पडद्यावर कोणाचंही काहीही उमटेल.

तंबू टॉकीजच्या काळात यंत्राशेजारी ऑपरेटर असायचा. कार्बनच्या कांड्या झिजतील तशा तो सरकवत राहायचा. त्याला यंत्राचा आवाज पाठ असायचा. डिजिटल प्रोजेक्टरला माणूस लागत नाही असं आपण समजलो आणि तो कोणाचाच उरला नाही. शाळेत एक शिक्षक आणि सातवी-आठवीची दोन पोरं नेमली, फिल्टरची तारीख, लॅम्पचे तास आणि पिन काढण्या-लावण्याची जबाबदारी त्यांच्याकडे दिली, तर वर लिहिलेल्यातले बहुतेक प्रसंग उद्भवणारच नाहीत.

डेडस्टॉक रजिस्टरही त्यांनीच एकदा उघडावं. तिथे बहुधा ‘प्रोजेक्टर, 1 नग’ एवढंच लिहिलेलं असतं. त्यापुढे कंपनी, मॉडेल आणि पाठीवरच्या पट्टीवरचा अनुक्रमांक लिहावा, पट्टीचा फोटो काढून ठेवावा आणि यंत्राच्या अंगावर शाळेचं नाव मार्करने न लिहिता कोरून घ्यावं. चोरी झालीच तर अनुक्रमांकाशिवाय सापडलेला प्रोजेक्टर आपलाच हे सिद्ध करणं अवघड जातं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 305 नुसार शासनाच्या किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या मालमत्तेच्या चोरीला सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेचा प्रोजेक्टर या कलमात येतो. तेव्हा साध्या अर्जावर पोच घेऊन परतू नये, गुन्हा नोंदवून घ्यावा आणि फिर्यादीत तो अनुक्रमांक लिहायला लावावा.