सभासदांची यादी आणि तिची किल्ली

इ. स. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडली, तेव्हा त्या अर्जावर सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या होत्या. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, अशा साध्या मागण्या. पण त्यांखाली नाव घालणे म्हणजे भाकरी पणाला लावणे होते. अशी यादी कोणाच्या हाती पडते, याला कामगाराच्या लेखी फार महत्त्व असते.

आज आमच्या सिंदी मेघेत काय किंवा वर्ध्यात काय, संघटनेची यादी ट्रंकेत राहत नाही. सभासदांची नावे, वेतनपावत्या, भविष्यनिर्वाह निधीचे कागद हे सर्व्हर नावाच्या, अहोरात्र चालू असणाऱ्या संगणकावर ठेवतात. शाखा तेथे फाइली पाठवितात आणि तेथून घेतात. हे कोठार कोणासाठी किती उघडावे, हे ठरविणारे नियम म्हणजे सेटिंग. ते आपण सर्वांनी समजून घेतले पाहिजेत, असे आम्हांस वाटते.

फाइली पाठविण्याची 'एफटीपी' ही पद्धत अभय भूषण या भारतीय अभियंत्याने १९७१ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत असताना मांडली. त्या वेळी संगणकांचे जाळे मोजक्या, परस्परांस ओळखणाऱ्या मंडळींचे होते. त्यामुळे या पद्धतीत पासवर्ड उघड्या पोस्टकार्डासारखा जातो. वाटेत बसलेला कोणीही तो वाचू शकतो. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात असे पासवर्ड चोरले गेले, तेव्हा १९९५ साली तातू युलोनेन यांनी सर्व मजकूर गुप्त लिपीत पाठविणारी 'एसएसएच' ही पद्धत तयार केली. तिच्याच पायावर पुढे 'एसएफटीपी' उभी राहिली. म्हणून पहिला नियम हा, की जुनी एफटीपी बंद ठेवावी आणि एसएफटीपी वापरावी.

यात आणखी एक सोय आहे. जुन्या पद्धतीत बोलणे २१ क्रमांकाच्या पोर्टावरून, म्हणजे दारातून, होते आणि माल दुसऱ्याच दाराने जातो. ते दुसरे दार पहारेकऱ्याने अडविले, की नाव व पासवर्ड मान्य होऊनही फाइलींची यादी दिसत नाही. एसएफटीपीला सामान्यतः २२ क्रमांकाचे एकच दार पुरते.

दुसरा नियम असा, की निनावी प्रवेश बंद असावा आणि प्रत्येकाचे खाते वेगळे असावे. एकच पासवर्ड दहा जणांत फिरला, तर कोणती फाइल कोणी पुसली हे नोंदवहीवरून कळत नाही.

तिसरा नियम कोंडवाड्याचा. प्रत्येक शाखेला तिच्या कप्प्यातच ठेवावे. शेजारचा कप्पा तिला दिसूही नये. येथे एक बारकावा आहे. त्या कप्प्याची मालकी सर्व्हरच्या मुख्य चालकाकडे ठेवावी लागते, आणि फाइली टाकण्यासाठी आत वेगळा खण करून द्यावा लागतो. तसे न केल्यास सर्व्हर प्रवेशच नाकारतो.

चौथा नियम अधिकारांचा. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ व चालविण्याचा १, असे आकडे धरून मालक, गट आणि इतर यांचे तीन अंक मांडतात. यादीला ६४० दिले, म्हणजे मालक वाचील व लिहील, गट केवळ वाचील आणि इतरांना काहीच मिळणार नाही. घाईत ७७७ देण्याची खोड पुष्कळांना असते. त्याचा अर्थ, त्या संगणकावर खाते असलेल्या कोणालाही यादी वाचण्याची व बदलण्याची मोकळीक!

कार्यकर्ता संघटना सोडून गेला, तर त्याचे खाते त्याच दिवशी बंद करावे. सेटिंग करणारा हात तंत्रज्ञाचा असो. पण कोणाला किती अधिकार द्यायचा, हे कार्यकारिणीने सभेत ठरवावे आणि इतिवृत्तात लिहून ठेवावे. ज्यांची नावे त्या यादीत आहेत, त्यांना एवढे मागण्याचा हक्क आहे.