दोर चघळा, बातमी द्या!

दोस्तांनो, सुताच्या जाड दोराचं काय काय करता येतं? झोका बांधता येतो, रस्सीखेच खेळता येते, गाठोडं बांधता येतं. आणि एखाद्या नव्या साथीची चाहूलही घेता येते बरं का! खोटं वाटतं? मग ऐका तर.

अमेरिकेत आयोवा नावाचं एक राज्य आहे. तिथे माणसांपेक्षा डुकरांची संख्या कितीतरी पट जास्त! एकेका वराहपालन केंद्रात हजारो डुकरं असतात. त्यांच्यात फ्लूचा विषाणू शिरला आहे का, हे कसं ओळखायचं? प्रत्येक डुकराला धरून त्याच्या नाकात कापसाचा बोळा फिरवायचा म्हटलं, तर माणसं घामाघूम आणि डुकरं हैराण! म्हणून आयोवा राज्य विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी एक सोपी पद्धत बसवली. डुकरांच्या कप्प्यात सुती दोर टांगून ठेवायचा. डुक्कर हा भलताच चौकस प्राणी. नवी वस्तू दिसली की तोंडात घातलीच म्हणून समजा! वीस-तीस मिनिटांत दोर लाळेने चिंब होतो. मग तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिळायचा, निघालेली लाळ नळीत भरायची आणि प्रयोगशाळेत पाठवायची. एका दोरात अख्ख्या कप्प्याची खबर मिळते.

पण डुकरांच्या सर्दी-पडशाची एवढी चौकशी कशाला? त्याचं कारण फ्लूच्या विषाणूच्या रचनेत आहे. त्याची जनुकं आठ वेगवेगळ्या तुकड्यांत असतात. आपण आठ पत्ते म्हणू या. डुकराच्या श्वासनलिकेतल्या पेशींमध्ये माणसांचा फ्लू शिरू शकतो आणि पक्ष्यांचाही. समजा, दोन निरनिराळे विषाणू एकाच वेळी एकाच पेशीत शिरले, तर दोन्हींचे पत्ते एकत्र पिसले जातात आणि त्यातून आठ पत्त्यांचा नवाच डाव तयार होतो! बहुतेक डाव फुकट जातात. पण एखादा असा निघतो, की माणसाच्या शरीराला त्याची मुळीच ओळख नसते. ओळख नाही, म्हणजे प्रतिकारशक्तीही नाही.

ही शंका जुनीच आहे. १९१८ साली माणसांत फ्लूची भयंकर साथ आली होती. तेव्हा आयोवातल्या जे. एस. कोएन नावाच्या पशुवैद्याने पाहिलं, की डुकरंही तशीच खोकताहेत, तापाने फणफणताहेत. त्याने सरळ सांगून टाकलं, की हाही फ्लूच आहे. झालं! डुकरं पाळणारे शेतकरी त्याच्यावर नाराज झाले. लोक डुकराचं मांस घेईनासे झाले तर खायचं काय, ही त्यांना धास्ती. पण कोएनने आपलं म्हणणं सोडलं नाही. पुढे १९३१ साली रिचर्ड शोप या शास्त्रज्ञाने डुकरांच्या फ्लूचा विषाणू शोधून काढला. गंमत म्हणजे माणसाच्या फ्लूचा विषाणू सापडला तो त्यानंतर, १९३३ साली!

१९९८ मध्ये अमेरिकेतल्या डुकरांत एक अजब विषाणू आढळला. त्यात माणूस, पक्षी आणि डुक्कर अशा तिघांच्या विषाणूंचे पत्ते होते. हा धोक्याचा इशारा होता. पण जगात पुष्कळ ठिकाणी डुकरांच्या कळपांकडे नियमित लक्ष ठेवलंच जात नव्हतं. एप्रिल २००९ मध्ये मेक्सिको आणि अमेरिकेतल्या माणसांत नवा फ्लू सापडला. शास्त्रज्ञांनी त्याचे आठ पत्ते उलगडून पाहिले, तर ते डुकरांतल्या निरनिराळ्या विषाणूंचे निघाले. विषाणूचे पूर्वज कित्येक वर्षं कळपांत फिरत होते आणि कोणाला पत्ताच नव्हता! तोच हा ‘स्वाइन फ्लू’. ३ ऑगस्ट २००९ रोजी भारतातला त्याचा पहिला बळी आपल्या पुण्यात गेला, एका शाळकरी मुलीचा. शाळा बंद झाल्या, तोंडाला मास्क आले. तुमच्या आईबाबांना विचारा, त्यांना ते दिवस नक्की आठवत असतील.

भीतीपोटी माणसं काय करतात पाहा. इजिप्तने देशातली सुमारे ३ लाख डुकरं मारून टाकण्याचा हुकूम काढला. खरं तर साथ पसरत होती माणसाकडून माणसाकडे. नीट शिजवलेलं मांस खाऊन हा फ्लू होत नाही. कैरो शहरात कचरा गोळा करणारे लोक उष्ट्या-खरकट्यावर डुकरं पाळायचे. डुकरंच गेली, तेव्हा त्या लोकांची रोजीरोटी बुडाली आणि रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचले. साथ मात्र थांबली नाही.

म्हणजे डुकरं मारून नव्हे, तर त्यांच्यावर लक्ष ठेवूनच काम होतं. अमेरिकेत २००८ मध्ये अशी पाहणी छोट्या प्रमाणावर सुरू झाली आणि २००९च्या साथीनंतर वाढली. खोकणाऱ्या डुकरांचे नमुने घेतात, विषाणूची जनुकं अक्षर-अक्षर वाचतात आणि जुन्या नोंदींशी ताडून पाहतात. नवं रूप माणसाला धोक्याचं वाटलं, तर लशीची पूर्वतयारीही करून ठेवतात. आणि यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की शेतकऱ्याचं नाव सहसा गुप्त राहतं. नाव उघड झालं, तर गिऱ्हाईक तुटेल या भीतीने कोण नमुना देईल? कोएनच्या वेळची धास्ती अशी दूर केली.

या पाहणीचा उपयोग तुमच्याएवढ्या मुलांनाही होतो. अमेरिकेत शाळकरी मुलं हौसेने डुकरं पाळतात आणि उन्हाळी जत्रांत मांडतात. २०१२ मध्ये अशा जत्रांमधून डुकरांचा फ्लू माणसांना झाला. ३०९ रुग्ण सापडले, त्यांत मुलंच जास्त! तेव्हापासून सूचना आहेत: डुकरांच्या मांडवात खाऊ न्यायचा नाही, बाहेर पडल्यावर हात साबणाने धुवायचे, डुक्कर आजारी दिसलं की पशुवैद्याला बोलवायचं.

आणि हो, हा रस्ता एकाच बाजूने वाहत नाही! २००९चा तो विषाणू पुढे माणसांकडून डुकरांच्या कळपांत परत गेला, पुन्हा पुन्हा गेला. म्हणून सर्दी-ताप असलेल्या माणसाने डुकरांच्या जवळ जाऊ नये, असाही नियम आहे.

आता एक सांगा, सहल चुकेल किंवा क्रिकेटची मॅच बुडेल म्हणून तुम्ही कधी ताप लपवलाय? यापुढे लपवू नका. आईला लगेच सांगा. आणि आईबाबांनो, मुलाने सांगितलं की आधी रागावू नका बरं का. रागावलात, तर पुढच्या वेळी तो सांगणारच नाही!